दामदुप्पट

मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येत राहते: दामदुप्पट परताव्याचे आमिष दाखवून ठेवीदारांची फसवणूक. गाव बदलते, रक्कम बदलते. योजना कधी शेळीपालनाची असते, कधी सोन्याची, कधी शेअर ट्रेडिंगची. ‘दामदुप्पट’ आणि ‘आमिष’ ही जोडी मात्र फुटत नाही. आजच्या वाचकाला दामदुप्पट म्हटले की फसवी योजना एवढेच आठवते. मला याचे फार वाईट वाटते, कारण हा शब्द मुळात कर्जदाराची ढाल होता.

दामदुप्पट हा नियम होता, आणि तो सावकाराला बांधणारा होता. कोणत्याही एका वेळी व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येणार नाही, असे तो सांगे. शंभर रुपये दिले असतील, तर किती का वर्षे लोटेनात, थकलेले व्याज शंभराच्या वर मागायचे नाही. दाम दुप्पट झाला की सावकाराचा हिशेब तिथे थांबला. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही मर्यादा आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तिला हिंदू कायद्याचा भाग मानले आणि इंग्रजी निकालपत्रांतही हा शब्द जसाच्या तसा ठेवला. कायद्याच्या जाड पुस्तकांत तो आजही आहे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने तर धर्माचा संबंध न ठेवता हेच तत्त्व घेतले: हुकूमनाम्याच्या दिवशी जेवढे मुद्दल बाकी, त्याहून जास्त व्याज न्यायालयाने मंजूर करू नये.

म्हणजे हा शब्द कर्जदाराने सावकारापुढे म्हणायचा होता. आज तो ठेव गोळा करणाऱ्याच्या तोंडी गेला आहे. एके काळी त्याने कमाल मर्यादा सांगितली, आता तो किमान हमी सांगतो. शब्दाचे अर्थ फिरतात, हे भाषेत नवे नाही. पण हा अर्थ फिरला तेव्हा आपल्या हातातले एक हत्यार गेले, असे मला वाटते.

यातला ‘दाम’ फार लांबून आला आहे. ग्रीकांचे चांदीचे नाणे द्राख्मा. ते संस्कृतात ‘द्रम्म’ झाले आणि प्राकृतातून आपल्याकडे ‘दाम’ म्हणून उतरले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. त्या द्रम्माचीच लेकरे म्हणजे आपला दाम आणि दमडी. नाणे चलनातून केव्हाच गेले, शब्दाला मात्र मोल राहिले.

आता दामाला दुप्पट करणारे ‘व्याज’. संस्कृतात व्याज म्हणजे कपट, सोंग, निमित्त. मराठीत तो जुना अर्थ एका जागी जिवंत आहे: निर्व्याज प्रेम, निर्व्याज मैत्री. तिथे आपल्याला ‘बिनव्याजी’ म्हणायचे नसते, ‘निष्कपट’ म्हणायचे असते. संस्कृतातल्या हिशेबी ग्रंथांत कर्जावरच्या वाढीला वृद्धी, कुसीद, कलांतर असे शब्द आहेत. ‘लीलावती’तल्या उदाहरणांत कलांतरच भेटते. या सगळ्यांना बाजूला सारून मराठी व्यवहाराने ‘व्याज’ उचलला. कपट या अर्थापेक्षा मला त्यातला ‘निमित्त’ हा अर्थ जवळचा वाटतो. मूळ रकमेचे निमित्त करून वर जे मागितले जाते, ते व्याज. सावकाराची नुसती निंदा करायची असती, तर मराठीला शब्दांची वाण नव्हती. उलट ‘सावकार’ हा शब्दच ‘साधू’पासून निघाला आहे. साव म्हणजे सचोटीचा माणूस, चोराच्या उलट. ‘चोर की साव’ असे आपण आजही विचारतो.

‘मुद्दल’ दक्षिणेकडचे. कन्नडमध्ये ‘मोदलु’ म्हणजे आधी, पहिले. तमिळमध्ये ‘मुदल’ म्हणजे आरंभ, आणि भांडवलही. आपण ‘मुदलात हे खरेच नाही’ असे म्हणतो तेव्हा ‘मुळातच’ असे म्हणत असतो. जे आधी होते ते मुद्दल, त्याच्या निमित्ताने आले ते व्याज. कर्ज अरबी, हप्ता फारसी, पगार पोर्तुगीज आणि मुद्दल द्राविडी. मराठी माणसाच्या महिन्याच्या हिशेबात इतक्या मुलखांचा राबता आहे.

मुद्दल आणि व्याज हे दोन आकडे वेगळे ठेवणे, दामदुप्पटीचे सगळे बळ यात होते, आणि नेमके तेच मोडायची युक्ती सावकारीत होती. व्याज थकले की जुने खत रद्द करायचे आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यायचे. खत म्हणजे लेख. अरबीत ‘खत्त’ म्हणजे लिखाण, अक्षर. खरेदीखत, गहाणखत, कर्जखत ही सगळी त्याच घरातली. नव्या खतावर अंगठा उठला की कालचे व्याज आजचे मुद्दल होई आणि दुप्पटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. नियम कुठे मोडला जात नसे आणि माणूस मात्र बुडे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. दंगे पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. इतिहासात त्यांना दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांना मुख्यतः हवी होती ती खते. ती हिसकावून घेऊन जाळली गेली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. खतावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता, त्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब उकलण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. मुळात हातात किती आले, फेडले किती, व्याज किती, हे वेगळे मांडून पाहायचे.

‘नवं-जुनं करणे’ हा वाक्प्रचार गावच्या सोसायटीत आजही रोज वापरात आहे. मार्चअखेर जवळ आली की पीककर्ज नवं-जुनं करायचे असते: जुने भरायचे, नवे उचलायचे. भरायला पैसा नसला की चार-आठ दिवसांसाठी बाहेरून आणायचा. कागदावर कर्ज वेळेत फिटलेले दिसते. शहरात याच गोष्टीला ‘टॉप-अप’ म्हणतात. चालू कर्जावर वाढीव रक्कम मिळते, हप्ता फारसा वाढत नाही, मुदत लांबते. नव्या कर्जात जुन्याची किती बाकी आत गेली, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. सुप्याच्या शेतकऱ्याला त्याचे उत्तर मिळत नव्हते. आपल्याला ते मागून मिळते, तर ते मागावे.

‘टक्का’ हा शब्द तर मी प्रत्येकाला थांबून पाहायला सांगेन. ‘टंक’ नावाच्या नाण्यापासून ‘टका’ झाला, बांगलादेशाचे चलन आजही तेच नाव लावते. मराठीत टका पैशात राहिला आणि टक्का शेकड्याच्या हिशेबात गेला. पण कोणत्या काळाचा शेकडा? इथे दोन मराठी आहेत. बँकेत ‘दहा टक्के’ म्हणजे वर्षाला शंभराला दहा. बाजारपेठेत, भाजीमंडईत, गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे घेतले’ म्हणजे महिन्याला शंभराला दोन, वर्षाला चोवीस. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते माहीत असते, म्हणून ‘महिना’ हा शब्द गाळला जातो. पहिल्यांदाच कर्ज काढणाऱ्या मुलाला ते कोणी सांगत नाही. त्याला बँकेचे अकरा टक्के मोठे वाटतात आणि ओळखीच्या माणसाचे तीन टक्के लहान.

महिन्याचा शेकडा ही फार जुनी रीत आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात दर सांगितले आहेत ते शंभर पणांमागे महिन्याचेच. सव्वा पण हा धर्माला धरून, म्हणजे वर्षाला पंधरा. व्यापाऱ्यांसाठी पाच. रानावनातून माल नेणाऱ्यांसाठी दहा. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी वीस. यात जोखीम किती आणि तिचा दर किती, हे स्वच्छ दिसते. जहाज बुडाले तर मुद्दलही गेले, म्हणून वीस. धान्याच्या कर्जाला त्याने पीक निघताना अर्ध्याची मर्यादा घातली आहे. आपल्याकडची ‘दिढी’ ती हीच: पेरणीला मणभर न्यायचे, सुगीला दीड मण घालायचे.

आता महिना दहा टक्के जवळून पाहू, कारण भाजीची गाडी लावणाऱ्या कित्येकांचे कर्ज याच दराने उभे असते. दहा हजार ठरले, की पहिल्या महिन्याचे व्याज तिथेच कापून हातावर नऊ हजार ठेवले जातात. व्याज मात्र दहा हजारांवर. महिन्याला हजार रुपये जातात आणि मुद्दल हलत नाही, कारण ते एकरकमीच परत करायचे असते. आधी कापलेला हजार धरून दहा महिन्यांत व्याजाचे दहा हजार झाले. म्हणजे मुद्दलाइतकेच व्याज गेले. अकराव्या महिन्यालाही वसुलीवाला येतो. मराठीने याला ‘पठाणी व्याज’ म्हणून ठेवले आहे, पण ते घेणारा आता कोणत्याही गावचा असतो.

ज्यांना हे दुसऱ्यांचे दुखणे वाटते, त्यांनी आपल्या क्रेडिट कार्डाचे बिल पाहावे. तिथे थकलेल्या रकमेवरचा दर महिन्याचाच सांगितलेला असतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. साडेतीन म्हटले की काहीच वाटत नाही. वर्षाचे बेचाळीस होतात.

‘हप्ता’ मुळात आठवडा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, आणि आपला ‘सप्त’ त्याचा सख्खा चुलत भाऊ. मराठीने आठवड्यासाठी स्वतःचा शब्द ठेवला आणि हप्त्याला कर्जफेडीच्या कामाला लावले. तो आठवड्याचा राहिला नाही, महिन्याचाही चालतो, तिमाहीही चालतो. (वसुलीला येणाऱ्या गुंडालाही तोच शब्द लागतो, ते वेगळे.) हप्ता ऐकायला सोपा असतो, ‘बसतो’ की नाही एवढेच आपण पाहतो. ‘अकरा हजारांचा हप्ता बसेल ना तुम्हाला?’ असे विचारले जाते आणि दराची गोष्ट तिथेच मिटते.

एक हिशेब करून पाहा. एक लाख वीस हजारांचे कर्ज, एक वर्ष, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’. व्याज बारा हजार, एकूण एक लाख बत्तीस हजार, बारा हप्ते अकरा-अकरा हजारांचे. शाळेत शिकलेल्या सरळव्याजाच्या सूत्राला, मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले शंभर, ते बरोबर जुळते. पण ते सूत्र मुद्दल वर्षभर आपल्याकडे राहते असे धरून चालते. इथे पहिल्याच महिन्यापासून आपण मुद्दल परत करू लागलो. सहा हप्ते भरल्यावर निम्म्याच्या आसपासच रक्कम आपल्याकडे उरते, व्याज मात्र पूर्ण एक लाख वीस हजारांवर लावलेले असते. घटत्या शिलकेवर मोजले तर हाच दर महिना दीड, वर्षाला अठरा टक्के पडतो. दुकानातला माणूस खोटे बोललेला नसतो. ‘फ्लॅट’ या शब्दाने त्याचे काम केलेले असते. ‘फ्लॅट नको, घटत्या शिलकेवर किती ते सांगा’, हे वाक्य पाठ असावे.

ठेवणाऱ्याच्या बाजूने दुप्पटीचा प्रश्न वाजवी आहे: माझे पैसे किती दिवसांत दुप्पट होतील? त्यासाठी बहात्तरचा आडाखा आहे. बहात्तरला व्याजाच्या दराने भागा, तितकी वर्षे लागतात. आठ टक्क्यांनी नऊ वर्षे, सहा टक्क्यांनी बारा. चक्रवाढीचा हा ठोकताळा आहे, आणि चक्रवाढ हा शब्द मनुस्मृतीतल्या ‘चक्रवृद्धी’चाच मराठी चेहरा. पोस्टातले किसान विकास पत्र १९८८ मध्ये निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट होत. २०२३ पासून दर साडेसात टक्के आहे आणि मुदत ११५ महिने. बहात्तर भागिले साडेसात, नऊ पूर्णांक सहा दशांश वर्षे, म्हणजे ११५ महिनेच. सरकारी हमी असलेल्या दुप्पटीला एवढा वेळ लागतो.

मग कोणी वर्षात दुप्पट म्हणाला, तर तो वर्षाला शंभर टक्के देऊ म्हणतो आहे. कौटिल्याच्या काळात एवढे व्याज, त्याहून थोडे जास्तच, देत असे तो जंगलातून माल नेणारा. त्याला वाघाची आणि लुटारूंची जोखीम होती आणि ती सर्वांना दिसत होती. वर्षाला शंभर टक्के देणाऱ्याचे जंगल कोणते, ते त्याने दाखवले पाहिजे. तो दाखवत नाही, कारण जुन्या ठेवीदाराला तो नव्या ठेवीदाराच्या पैशातून देत असतो. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, देशभरात अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ पासून बंदी आहे. मालमत्ता जप्त होतात, लिलाव होतात, आणि लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. ‘पैसे गुंतले’ असे ते म्हणतात. गुंतवणूक ‘गुंतणे’पासूनच आली आहे. पैसा गुंतवायचा म्हणजे काही काळ तो सुटा राहणार नाही हे मान्य करायचे. गाठ आपल्याला सोडवता येईल का, हे ती बांधतानाच पाहावे लागते.

उधार आणि उसने यांबद्दलही थोडे. उधार ‘उद्धार’पासून आला; संस्कृतात उद्धाराला ऋण असाही अर्थ होता. आपल्या व्यवहारात उधारी वाण्याच्या वहीवर असते. ‘मांडून ठेवा’ म्हटले की मांडली जाते आणि पगार झाला की मिटते. फोनवरच्या ‘आता घ्या, नंतर द्या’ योजना उधारीच आहेत, फक्त त्या वहीला उशिराचा दंड आहे. उसने मात्र वेगळे. वाटीभर साखर उसनी आणतात आणि वाटीभरच परत करतात. त्यावर व्याज लावण्याची कल्पनाही मराठीला सहन होत नाही. हातउसने पैसे नात्यातले असतात. ते लिहून ठेवायला लोक संकोचतात, आणि नाती तुटतात ती तिथेच. तारीख आणि रक्कम दोघांनी लिहून ठेवली म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

मुद्दल आणि व्याज वेगळे ठेवण्याची शिस्त आज मला सर्वांत स्वच्छ दिसते ती बचत गटाच्या रजिस्टरात. बायका महिन्याच्या ठरल्या तारखेला बसतात. हजेरी, बचत, कर्जवाटप, मुद्दल परतफेड, व्याज, दंड असे रकाने असतात. व्याज बऱ्याच गटांत महिना दोन टक्के, म्हणजे बाजारातलाच दर. पण ते गटातच राहते आणि वर्षाच्या हिशेबाला सगळ्यांच्या वाट्याला येते. सचिव आकडे मोठ्याने वाचून दाखवते: ‘पाचशे मुद्दल, ऐंशी व्याज, मुद्दल बाकी साडेतीन हजार.’ उरलेल्या बाकीवरच पुढचे व्याज, हे कधीही शाळेत न गेलेल्या सदस्येलाही कळते. पुढच्या महिन्याला ती स्वतःच म्हणते, ‘आता सत्तरच ना?’ १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्याच्या पायाशी अशी रजिस्टरे आहेत.

हे मोठ्याने वाचून दाखवणे आता बँकांवरही आले आहे, निदान कागदावर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढले. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला आणि लघुउद्योजकाला नव्या कर्जासोबत मुख्य गोष्टींचे एक पत्रक द्यावे लागते. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सगळे धरून वर्षाचा खरा दर सांगायचा, आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायचे. भाषेची अट त्या परिपत्रकातच आहे. म्हणजे मराठीत मागितले तर ते मिळाले पाहिजे, आणि मागावेच.

पण ती मराठी कोणती असावी? अशा पत्रकांत ‘वार्षिक प्रतिशत दर’, ‘परिशोधन अनुसूची’ असे शब्द घातले, तर समजणाऱ्या भाषेची अट अक्षरशः पुरी होईल आणि कर्जदाराला काहीच कळणार नाही. ते लिहिणाऱ्यांना माझे आर्जवाचे सांगणे आहे की त्यांनी बचत गटाचे रजिस्टर समोर ठेवावे. हातात येणार किती, कापून घेणार किती, वर्षाला शेकडा किती, मुद्दल किती, व्याज किती, प्रत्येक हप्त्यातून मुद्दलाला किती आणि व्याजाला किती, जुन्या कर्जाची बाकी यात मिळवली आहे का, आणि मुदतीआधी फेडले तर काय. यातला एकही शब्द नव्याने घडवावा लागत नाही. आणि सगळे हप्ते संपतील तेव्हा एकूण व्याज मुद्दलाच्या किती पट झालेले असेल, तेही एका ओळीत लिहावे. वीस वर्षांच्या घरकर्जावर नऊ टक्क्यांनी व्याजाची रक्कम मुद्दलाच्याही पुढे जाते. त्या ओळीला दामदुप्पट असे नाव द्यायला माझी काहीच हरकत नाही.